सेवाव्रताच्या आड

करवीर ही जगदंबेची नगरी. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग भवानी मंडप ओलांडून जाते आणि मातृशक्तीच्या जयघोषाने सारे शहर दुमदुमते. त्याच नऊ रात्री, मंदिरापासून पायी थोड्याच अंतरावर असलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात आणि राजारामपुरी-शाहूपुरीतील लहानमोठ्या खासगी रुग्णालयांत शेकडो परिचारिका रात्रपाळी करीत असतात. राधानगरी, गडहिंग्लज, चंदगडपासून कोकणातल्या आणि सीमाभागातल्या खेड्यांपर्यंतचे रुग्ण त्यांच्या हवाली केलेले असतात. घरातल्या माणसांनाही ज्याची किळस यावी, अशी शरीराची सारी कामे त्या निमूटपणे करतात. जयघोष मात्र त्यांच्या वाट्याला येत नाही. पुष्कळदा साधा आदरार्थी उच्चारही येत नाही.

‘ओ बाई, सलाईन संपलंय, दिसत नाही का?’ हे वाक्य कोणत्याही कक्षात कानी पडते. मुखाने ‘सिस्टर’ म्हणायचे आणि वागवायचे मोलकरणीसारखे, (मोलकरणीला तरी असे का वागवावे, हा प्रश्न निराळाच) ही आपली रीत होऊन बसली आहे. डॉक्टर फेरी करून निघून जातात, औषध बाहेरून आणावे लागते, तपासणीचा अहवाल वेळेत येत नाही, खाट मिळत नाही. यांपैकी एकही गोष्ट परिचारिकेच्या हाती नसते. नातेवाइकांचा संताप मात्र तिच्यावरच कोसळतो, कारण खाटेजवळ तीच उभी असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. शासकीय रुग्णालयांत रात्री एका-दोघींवर अख्खा कक्ष सोपविलेला असणे, हे महाराष्ट्राला नवे नाही. अशा वेळी इंजेक्शन द्यायला झालेल्या दहा मिनिटांच्या उशिराचा जाब कोणाला विचारायचा?

या अनादराचे मूळ गर्दीत किंवा अपुऱ्या मनुष्यबळात शोधून भागणार नाही. ते आपल्या घरात आहे. मुलगी संगणक कंपनीत रात्रपाळी करते हे मध्यमवर्गीय घरात अभिमानाने सांगितले जाते. मुलगी परिचारिका आहे म्हटले की स्थळाकडून पहिला प्रश्न येतो, ‘रात्रपाळी असते का?’ दोन्ही रात्री सारख्याच काळोख्या असतात. फरक असतो तो परक्याच्या देहाला होणाऱ्या स्पर्शाचा. मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणारे काम हलके, ही शिवाशिवीच्या काळातील धारणा सुशिक्षित मनाच्या तळाशी अजून टिकून आहे, हे कटू असले तरी मान्य करावे लागेल.

आपल्याच थोर स्त्रियांनी या धारणेशी झुंज दिली होती. पुण्यात प्लेगचे थैमान चालू असताना सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून दवाखान्यात आणीत होत्या. त्या शुश्रूषेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. रमाबाई रानड्यांनी हिंदू स्त्रियांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली, तेव्हा समाजातून विरोध झाला. कुलीन घरातील स्त्रीने परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, ही कल्पनाच पुष्कळांना सोसवत नव्हती. रमाबाई डगमगल्या नाहीत. परिचर्येच्या क्षेत्रात मिशनरी संस्था पुढे का गेल्या, असा प्रश्न आपल्याकडे अनेकदा तक्रारीच्या सुरात विचारला जातो. त्याच्या उत्तराचा बराच भाग या विरोधात आहे.

मराठी माणसाला परिचारिका म्हटले की एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. अरुणा शानभाग. कारवारकडच्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होती. तेथल्या सफाई कामगाराला त्याच्या गैरवर्तनाबद्दल तिने खडसावले होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाळी संपवून ती तळघरात कपडे बदलत असताना त्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला रक्तपुरवठा न झाल्याने ती कायमची अचेतन झाली. कपडे बदलायला तळघर! सुरक्षित खोली नसणे ही किरकोळ गैरसोय समजली जाते. अरुणाला तिची किंमत पुढची बेचाळीस वर्षे मोजावी लागली. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती मारहाण आणि चोरीसाठी, अवघी सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

त्यानंतर जे घडले त्याला वैद्यकीय इतिहासात फारसे जोड सापडणार नाही. के.ई.एम.च्या परिचारिकांनी अरुणाला आपली मानले. तिला तेथून हलविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्या संपावर गेल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. परिचारिका निवृत्त होत गेल्या, नव्या आल्या, ज्यांनी तिला चालताबोलताना कधी पाहिलेही नव्हते. तरी घास भरविणे, अंग पुसणे, कूस बदलणे यांत खंड पडला नाही. दशकानुदशके खिळलेल्या त्या देहाला शय्याव्रण झाले नाहीत, ही गोष्ट न्यायालयापुढेही आली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय इच्छामरणाला मर्यादित मान्यता दिली, पण अरुणाच्या बाबतीत तिला सांभाळणाऱ्या परिचारिकांची इच्छा प्रमाण मानून याचिका फेटाळली. १८ मे २०१५ रोजी अरुणा गेली. शय्याव्रण न होऊ देणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांचे केले आहे त्यांना सांगावे लागणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसा आणि रात्रीही.

कायदे झाले. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास देणारा कायदा महाराष्ट्राने २०१० मध्ये केला, त्यात परिचारिकाही येतात. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या डॉक्टर युवतीची हत्या झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाला आदेश देताना अरुणाचे नाव पुन्हा घ्यावे लागले. अर्धे शतक लोटले होते.

मग आपण म्हणतो, ‘हे तर सेवेचे क्षेत्र आहे.’ येथेच थोडे थांबावे. सेवा हे मूल्य आपल्याला प्रिय आहे. कार्यकर्त्याचे तर ते व्रतच. पण व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याला ते घ्यायला लावून त्याच्या वेतनातून कापून घेणे, याला सेवा म्हणता येत नाही. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी देशाने थाळ्या वाजवून या भगिनींना वंदन केले. त्या वंदनात खोटे काही नव्हते. पण त्याच आठवड्यांत ठिकठिकाणी घरमालकांनी त्यांना खोल्या रिकाम्या करायला सांगितले, आणि हल्ले रोखण्यासाठी २२ एप्रिलला केंद्राला वटहुकूम काढावा लागला. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील शासकीय परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ‘रुग्णांना वेठीस धरले’ हा ठपका लगेच आला. रिक्त पदे न भरून रुग्णांना कोणी वेठीस धरले होते, हे विचारणारे थोडे होते.

खासगी रुग्णालयांची स्थिती अधिक बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारशी केल्या होत्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे; शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते त्याहून दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयात पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी नसावे; आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान वीस हजार रुपये मिळावेत. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली आणि शिफारशी फायलींत विसावल्या. २०२३ मध्ये परिचर्येसाठी नवा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला खरा. तो शिक्षण आणि नोंदणीचे नियमन करील, पगाराच्या पाकिटापर्यंत तो पोहोचत नाही.

कोल्हापुरात काही गोष्टी सरकारची वाट न पाहता होण्याजोग्या आहेत. तालमी आणि मंडळे हे या शहराचे बळ. महापुरात होड्या घेऊन धावणारी हीच मुले. पण कोणा मित्राला अपघात झाला की तीच पन्नासजण मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दारावर थडकतात, आणि आत एकटी परिचारिका असते. रुग्णामागे दोघेच आत जातील, बाकीचे रक्त द्यायला रांगेत उभे राहतील, हा नियम तालमीच्या वस्तादाने घातला तर तो पोलिसांच्या फलकापेक्षा अधिक पाळला जाईल.

आणि या साप्ताहिकाच्या वाचकांत रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर बसणारे, डॉक्टर, दाते पुष्कळ आहेत. १२ मे रोजी परिचारिका दिनी गुलाबपुष्प देण्याची प्रथा बहुतेक ठिकाणी आहेच. त्याआधीच्या बैठकीत तीन कागद टेबलावर यावेत: आपल्या रुग्णालयातील रात्रपाळीचा तक्ता, परिचारिकांचे वेतनपत्रक आणि समितीच्या शिफारशी. शिवाय एक साधा प्रश्न विचारला जावा, की त्या कपडे कोठे बदलतात, आणि त्या खोलीला आतून कडी आहे काय?