एकच नाव, दोन माणसं: मतदार यादीतला 'डबल स्टार' नेमका काय होता?

गेल्या गणपतीतली गोष्ट. आमच्या मंडळाकडे वर्गणीदारांच्या तीन याद्या होत्या. एक खजिनदाराच्या जुन्या एक्सेलमधली, एक गुगल फॉर्मवरून आलेली आणि एक व्हॉट्सॲप ग्रुपवरून कोणीतरी उतरवून काढलेली. "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना, तूच एकत्र कर," असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी तिन्ही याद्या एकाखाली एक चिकटवल्या, नावाचा कॉलम निवडला आणि 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' दाबलं. ७४२ ओळींच्या ५८८ झाल्या. पाच सेकंदांत काम फत्ते! मी खूश, खजिनदारही खूश.

चार दिवसांनी सात नंबरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू मांडवात आल्या. "काय रे, दरवर्षी वर्गणी देते मी. यंदा पावती घ्यायला कोणी आलं नाही, महाप्रसादाचं बोलावणंही नाही. मला काय वर पाठवलंत की काय?"

झालं असं होतं, की तीन नंबरच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याच नावाच्या आणखी एक बाई राहतात. नाव तेच, आडनाव तेच. सॉफ्टवेअरने पहिली ओळ ठेवली आणि दुसरी उडवली. गंमत म्हणजे त्याच यादीत गोऱ्हे आडनावाचे एक गृहस्थ मात्र दोनदा तसेच राहिले. त्यांना दोनदा मेसेज गेला.

म्हणजे जी दोन माणसं होती त्यांचं एक झालं आणि जो एक माणूस होता त्याचे दोन राहिले. हे सगळं एकाच क्लिकमध्ये.

काकूंची समजूत चहावर निघाली. पण हेच काम एक कोटी नावांच्या यादीवर करायचं असेल तर? आणि पणाला महाप्रसाद नसून मत लागलेलं असेल तर? आपल्याकडे नुकतंच हे घडलं, म्हणून हा लेख.

मुंबईच्या यादीत काय सापडलं?

१५ जानेवारी २०२६ ला मुंबईसह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्याआधी नोव्हेंबरमध्ये मुंबईची प्रारूप मतदार यादी आली, तेव्हा एका आकड्याने खळबळ उडवली. सुमारे १ कोटी ३ लाख मतदारांच्या यादीत साधारण ११ लाख नोंदी 'दुबार' वाटत होत्या. चार लाखांहून जास्त नावं एकापेक्षा जास्त वेळा आली होती, त्या सगळ्यांची मिळून ही बेरीज.

सोशल मीडियावर लगेच "११ लाख बोगस मतदार" सुरू झालं. पण नीट वाचा: ती ११ लाख बोगस माणसं नव्हती. सॉफ्टवेअरला सारख्या वाटलेल्या त्या ११ लाख ओळी होत्या. त्यात खरोखर दोन ठिकाणी नाव असलेले लोक होते आणि आमच्या काकूंसारखे, फक्त नाव जुळलेले लोकही होते. कोण कुठल्या गटातलं, हे यादीकडे नुसतं बघून सांगता येत नाही. का ते बघूया.

सॉफ्टवेअर 'सारखं' कसं ओळखतं?

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे अक्षर न् अक्षर जुळवणं. मी मंडळात तीच वापरली. ती झटपट होते, पण भोळी असते. गोऱ्हे दोनदा का राहिले माहितीये? 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर वेगळा 'ऱ' असतो. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह टाकून तेच रूप तयार होतं. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीसाठी बनवलेल्या टूलला हा प्रश्न माहीतसुद्धा नसतो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. 'सावंत' कोणी व्ही घालून लिहितं, कोणी डब्ल्यू घालून.

म्हणून दुसरी पद्धत येते, अंदाजाने जुळवायची. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतात, ते मोजायचं. रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेवेनश्टाईन यांनी १९६५ मध्ये मांडलेलं हे माप आजही वापरात आहे. 'शिंदे' आणि 'शिदे' यांत एकाच चिन्हाचा फरक, म्हणजे बहुतेक टायपिंगची चूक. पण 'रमा' आणि 'उमा' यांतही एकाच अक्षराचा फरक आहे, आणि त्या दोन वेगळ्या बायका आहेत! चाळणी बारीक केली तर चुका सुटतात, सैल केली तर वेगळी माणसं एकत्र होतात. दोन्हींतून एकदम सुटका नाही.

तिसरी अडचण आकाराची. एक कोटी नावांतलं प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून बघायचं ठरवलं, तर जोड्या होतात सुमारे ५० लाख कोटी. एवढं कोणी करत नाही. मग यादीचे गट पाडतात, म्हणजे एकाच विभागातली किंवा एकाच आडनावाची नावं फक्त आपापसांत तपासायची. यात वेळ वाचतो, पण गटाबाहेरची जोडी दिसतच नाही. साताऱ्याचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला आला आणि दोन्हीकडे नाव राहिलं, तर जिल्ह्यापुरती तपासणी त्याला कधीच पकडणार नाही.

नाव आणि वय दोन्ही जुळलं तर?

तरीही दोन माणसं असू शकतात. एक प्रसिद्ध गणित आहे: एका खोलीत फक्त २३ जण असले, तरी त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पटत नाही ना? पण २३ जणांच्या जोड्या २५३ होतात, म्हणून असं होतं.

आता समजा, मुंबईत एकाच नाव-आडनावाच्या ५०० बायका आहेत. १८ ते ८० म्हणजे वयं झाली ६३. प्रत्येक वयाला सरासरी आठ जणी येणारच. त्यांत फसवणूक काहीच नाही, यादी मोठी आहे एवढंच.

आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, त्याने बरीच मदत होते. पण लग्नानंतर जिचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, तिचं काय? माहेरची जुनी नोंद आणि सासरची नवी नोंद एकाच बाईच्या आहेत, हे नावावरून सॉफ्टवेअरला कळणं जवळपास अशक्य. खरी दुबार नोंद निसटते ती इथे. उलट कॉमन आडनावाची माणसं काहीही न करता संशयात येतात.

"मग मतदार ओळखपत्राचा नंबर जुळवा की," असं तुम्ही म्हणाल. मार्च २०२५ मध्ये तोही भ्रम फुटला. वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांना एकच एपिक नंबर दिला गेल्याचं समोर आलं. पूर्वी राज्यं आपापल्या पातळीवर, हाताने नंबर देत होती, त्यात काही ठिकाणी एकच मालिका वापरली गेली, असं केंद्रीय निवडणूक आयोगाने सांगितलं. नंबर एक असला तरी मतदार दोन आणि खरे, हेही आयोगानेच स्पष्ट केलं.

घाई केली की काय होतं: अमेरिकेचा धडा

अमेरिकेत कॅन्सस राज्याने २००५ मध्ये 'क्रॉसचेक' नावाचा उपक्रम सुरू केला. अनेक राज्यांच्या मतदार याद्या एकत्र करायच्या आणि नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की दुबार म्हणून कळवायचं. ऐकायला चोख वाटतं. पण पुढे काही विद्यापीठांतल्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी हिशोब मांडला. जुळलेल्या जोडीतली जुनी नोंद सरळ काढून टाकायची ही पद्धत वापरली असती, तर एक दुबार मत रोखताना सुमारे ३०० योग्य वाटणाऱ्या मतांच्या नोंदी उडाल्या असत्या. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उपक्रम त्याआधीच, २०१९ मध्ये, मतदारांची माहिती उघडी पडल्याच्या खटल्यातल्या तडजोडीनंतर थांबला होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नसते. दुबार नाव यादीत राहिलं, तर त्या माणसाने दोनदा मत द्यायचा प्रयत्न केला तरच नुकसान होतं. त्याला अडवायला केंद्रावर शाई आहे, ओळखपत्र आहे, पक्षांचे प्रतिनिधी आहेत. खरं नाव उडालं तर मात्र तो माणूस रांगेत उभा राहून घरी परत जातो. त्या दिवशी त्यावर काही उपाय नसतो.

मग डबल स्टार काय होता?

कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असलं पाहिजे, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ते स्पष्ट आहे. पण राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे फोडतो. त्यातलं नाव काढायचा अधिकार त्याच्याकडे नसतो, तो केंद्रीय आयोगाच्या यंत्रणेकडे असतो. म्हणून राज्य आयोगाने सॉफ्टवेअरने संशयित नावं शोधून त्यांच्यापुढे दोन तारे लावले.

कर्मचाऱ्यांनी नाव, लिंग, पत्ता, फोटो बघून खात्री करायची. माणूस एकच असेल तर त्याला विचारायचं, मत कुठे देणार? मग ते एक केंद्र सोडून बाकी ठिकाणी त्याला मतदान करता येणार नाही. आणि उत्तरच मिळालं नाही, तर? तो केंद्रावर आला, की दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही, असं लिहून घ्यायचं आणि ओळख पटवून मतदान करू द्यायचं.

बऱ्याच जणांनी याला पळवाट म्हटलं. "दुबार आहेत हे माहीत आहे, तर सरळ उडवा ना!" त्यांचा राग मी समजू शकतो. याद्या वेळच्या वेळी साफ न करता निवडणुकीच्या तोंडावर तारे लावत बसणं ही यंत्रणेची चूकच. प्रत्येक तारा घरोघरी जाऊन तपासायला माणसं पुरतात का, हा प्रश्नही खराच. पण उत्तर न देणाऱ्याला खोटा न मानता केंद्रावर एक संधी ठेवायची, हा भाग मला बरोबर वाटतो.

हे काही नवीन तत्त्वज्ञानही नाही. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या कॅनडाच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याचं गणित मांडलं. आजची बरीच सॉफ्टवेअर त्यावरच उभी आहेत. त्यात जोड्यांचे तीन ढीग पडतात: नक्की एकच, नक्की वेगळे आणि 'सांगता येत नाही'. हा तिसरा ढीग माणसाने तपासायचा असतो. डबल स्टार म्हणजे तोच तिसरा ढीग. बटण दाबून तो शून्य करायला गेलं, की मंडळात माझं झालं तसं होतं.

उडवलेलं नाव दिसलं पाहिजे

दुसरी बाजू बिहारमध्ये दिसली. तिथे २०२५ मध्ये यादीची विशेष सखोल पडताळणी झाली आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं कमी झाली. त्यांत साधारण ७ लाख नावं एकापेक्षा जास्त ठिकाणी असल्याचं कारण दिलं होतं. पण कोणतं नाव कशामुळे गेलं, हे लोकांना शोधता येत नव्हतं. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वगळलेल्यांची यादी कारणासह प्रसिद्ध करा. त्यानंतर माणसाला निदान कळू शकलं, की आपलं नाव का नाही आणि दाद कुठे मागायची.

म्हणून पुढच्या वेळी, मतदार यादी असो वा एखाद्या योजनेची लाभार्थी यादी, "सॉफ्टवेअरने इतके लाख डुप्लिकेट शोधले" अशी बातमी आली की आकड्याच्या पुढे चार प्रश्न विचारा. काय काय जुळवलं? नावं उडवली की फक्त खूण केली? ज्याचं नाव त्याला विचारलं का? आणि चूक झाली तर नाव परत कसं येतं?

तुम्ही आज काय करू शकता?

फोनवरून निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर स्वतःचं नाव शोधा. फक्त एपिक नंबरने शोधून थांबू नका, नाव आणि वय टाकूनही शोधा, म्हणजे जुनी नोंद असेल तर सापडेल. घर बदललं असेल तर नवीन नोंदणीचा फॉर्म ६ पुन्हा भरू नका, बऱ्याच दुबार नोंदी तिथेच जन्माला येतात. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ आहे आणि नाव वगळण्यासाठी फॉर्म ७. अडलं तर १९५० या हेल्पलाइनवर फोन करा. घरातल्या लग्न होऊन आलेल्या किंवा गेलेल्या बहिणी-वहिनींची नावंही बघा.

आणि मंडळाची, कॉलेजची, लग्नाची यादी एकत्र करायची वेळ आली, तर आधी मूळ फाइलची कॉपी ठेवा. नावाबरोबर मोबाइल नंबर किंवा फ्लॅट नंबर जुळवा. जुळलेल्या ओळी लगेच उडवू नका, त्यांना पिवळा रंग द्या आणि एकेक फोन करा. मी यंदा तसंच करणार आहे. काकूंना तर पहिला फोन.