‘इस्पात’, ‘पोलाद’ आणि शुद्धतेचा हट्ट

‘भिलाई इस्पात संयंत्र’ या नावातला ‘इस्पात’ अनेकांना संस्कृत वाटतो. प्रत्यक्षात तो पोर्तुगीज ‘इश्पादा’, म्हणजे तलवार, या शब्दावरून आला. आपले मराठी ‘पोलाद’ फारसी. तोच फारसी शब्द रशियन भाषेत ‘बुलात’ झाला. अर्थ, पात्यांसाठीचे उत्तम पोलाद. १९५५ साली भिलाईच्या कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार झाला, तेव्हा दोन्ही भाषांत हा एकच शब्द कित्येक शतके नांदत होता!

मराठी विज्ञानलेखनात मात्र रुळलेले शब्दही केवळ परके म्हणून हाकलण्याचा आग्रह अधूनमधून डोके वर काढतो. नवे शब्द अवश्य घडवावेत. पण ‘कार्बन’ला ‘प्रांगार’ केल्याने संकल्पना सोपी होत नाही. विद्यार्थ्याची शक्ती मात्र शब्दाशी झुंजण्यातच खर्च होते.

याबाबत धातूच अधिक शहाणा आहे. शुद्ध लोखंड तुलनेने मऊ असते. त्याच्या अणूंच्या जाळीत कार्बनचे चिमुकले अणू शिरले, की थरांचे घसरणे अवघड होते आणि लोखंडाचे पोलाद बनते. हे कार्बनचे प्रमाण साधारणतः दोन टक्क्यांहूनही कमी!

भाषेचा कणखरपणाही असाच मिश्रणातून येतो. तुमच्या विषयातला असा कोणता परका शब्द आता अस्सल मराठी झाला आहे?