कमरेची बंदूक आणि सर्वांचा रस्ता

दि. १० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एका अपील न्यायालयाने महत्त्वाचा निवाडा दिला. नागरिकांना उघडपणे बंदूक बाळगून वावरण्यास मज्जाव करणारा त्या राज्याचा १९८७ सालापासूनचा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. त्याच दिवशी युटा राज्यातील एका विद्यापीठाच्या प्रांगणात चार्ली कर्क या तरुण राजकीय कार्यकर्त्याची मोठ्या जनसमुदायासमक्ष गोळी झाडून हत्या झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु हत्येच्या बातमीपुढे निवाडा मागे पडला. ज्यांची मुले-नातवंडे शिक्षण वा नोकरीनिमित्त त्या देशात राहतात, अशा वाचकांनी तरी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

येथे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडील चर्चेत त्यांची सरमिसळ होते. घरात बंदूक ठेवणे हा पहिला, ती वस्त्राआड लपवून बाहेर नेणे हा दुसरा आणि सर्वांना दिसेल अशी कमरेला वा खांद्याला लावून बाजारात, उद्यानात, सभेत हिंडणे हा तिसरा. १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरातील पिस्तुलाला संरक्षण दिले; मात्र शाळा व सरकारी इमारतींसारख्या संवेदनशील जागी शस्त्रबंदी ग्राह्य मानली. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा हक्क घराबाहेर नेला आणि न्यूयॉर्क राज्याचा १९११ पासूनचा कडक परवाना कायदा रद्द केला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी त्या निकालपत्रात घालून दिलेली कसोटी अशी की, शस्त्रावरील कोणतेही बंधन त्या राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजे.

फ्लोरिडाच्या न्यायाधीशांनी याच कसोटीवर बोट ठेवले. परंपरा पाहू गेल्यास ते अगदीच चुकले असे म्हणता येत नाही. केंटकी व लुईझियाना या राज्यांनी १८१३ सालीच लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घातली होती. उघड शस्त्राला त्यांची हरकत नव्हती. सरळमार्गी मनुष्य शस्त्र उघड वागवतो, दगाबाज ते लपवतो, असा त्या काळचा समज होता. आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. बंदूक बाळगणारे बहुसंख्य लोक ती लपवून नेतात आणि २०२४ पर्यंत २९ राज्यांनी त्यासाठी परवान्याची अटही काढून टाकली. मग ज्याला केवळ आत्मरक्षण साधावयाचे आहे, त्याला बंदूक उघड दाखविण्याचे प्रयोजन काय?

माझ्या मते याचे उत्तर असे की, उघडी बंदूक हे केवळ साधन नसते. ती बोलत असते. मे १९६७ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले, तेव्हा ती बंदूक काय बोलते हे सर्वांना तत्क्षणी कळले. त्याच वर्षी भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा झाला आणि त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी स्वाक्षरी केली. (पुढे शस्त्रस्वातंत्र्यवाद्यांनी ज्यांना डोक्यावर घेतले, तेच हे रेगन.) ३० एप्रिल २०२० रोजी मिशिगनच्या विधानभवनात कोरोनाकाळातील निर्बंधांविरुद्ध निदर्शने झाली. त्यावेळी रायफलधारी निदर्शक प्रेक्षक सज्जात उभे होते आणि खाली काही लोकप्रतिनिधी गोळीरोधक जाकीट घालून बसले होते. एकही गोळी सुटली नाही. कायद्याचा भंगही झाला नाही, कारण तेथे उघड शस्त्राला तेव्हा मुभा होती. पण ज्याच्या डोक्यावर रायफल आहे, त्याने कोणत्या मोकळेपणाने मत द्यावे? जानेवारी २०२१ मध्ये त्या इमारतीत उघड शस्त्र आणण्यास मनाई झाली.

बंदूकधाऱ्याच्या मनात दुष्ट हेतू नसेलही. परंतु समोरच्याला तो हेतू वाचता येत नाही, आणि पोलिसालाही नाही. ७ जुलै २०१६ रोजी टेक्सासमधील डॅलस येथे एका मोर्चाच्या वेळी झालेल्या गोळीबारात पाच पोलीस अधिकारी ठार झाले. त्या मोर्चात वीस ते तीस माणसे कायदेशीरपणे रायफली घेऊन चालत होती. गोळीबार सुरू होताच ती धावू लागली आणि यांतला मारेकरी कोण, हे ओळखणे पोलिसांना अशक्य झाले. एका निरपराध मोर्चेकऱ्याचे छायाचित्र संशयित म्हणून प्रसृत झाले. वस्तुतः त्याने आपली रायफल आपण होऊन पोलिसाच्या स्वाधीन केली होती. ‘चांगला बंदूकधारी वाईट बंदूकधाऱ्याला थोपवतो’ हे वचन ऐकावयास सोपे आहे. चांगला कोणता हे पहिल्या मिनिटात कसे ओळखावे, याचे उत्तर त्यात नाही.

अमेरिकेच्या घटनेत शांततेने एकत्र जमण्याचा हक्क पहिल्या दुरुस्तीत आहे आणि शस्त्राचा दुसरीत. दोहोंची गाठ पडल्यास काय करावे, हे तेथे लिहिलेले नाही. आपल्या घटनाकारांनी तो पेच आरंभीच सोडविला. अनुच्छेद १९ (१)(ख) नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क देतो, तो शांततेने व विनाशस्त्र. आयर्लंड व जर्मनी यांच्या घटनांतही हीच अट आहे. शीख बांधवांच्या कृपाणासाठी अनुच्छेद २५ मध्ये वेगळे स्पष्टीकरण जोडले आहे, यावरून घटनाकारांनी किती बारकाईने विचार केला होता हे दिसते.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथील बॅप्टिस्ट चर्चमध्ये हत्याकांड झाले, तेव्हा शेजारच्या एका नागरिकाने आपली रायफल घेऊन हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या व त्याला पळवून लावले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच राज्यातील व्हाइट सेटलमेंट येथे उपासना चालू असताना दोघांचा बळी घेणाऱ्या हल्लेखोराला चर्चच्या सशस्त्र स्वयंसेवकाने काही सेकंदांत टिपले. तो स्वयंसेवक नसता तर आणखी किती प्राण गेले असते, याची कल्पनाही करवत नाही. ख्रिस्तसभाही आत्मरक्षणाचा हक्क नाकारीत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे २२६३ ते २२६५ हे परिच्छेद, संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे, बेताचे बळ वापरून स्वतःचा जीव वाचविण्यास मुभा देतात; ज्यांच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्यांचे तर ते कर्तव्यच मानतात. परंतु या घटनांपैकी एकीत बंदूक घरातून आली, दुसरीत ती वस्त्राआड होती. दाखवीत फिरण्याचे समर्थन त्यांतून निघत नाही. काही अमेरिकन ख्रिस्ती लोक तलवार विकत घेण्याविषयीच्या प्रभूच्या उद्गारांचा दाखला देतात. तो संत लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायातला आहे. त्याच अध्यायात पुढे तलवारीने तुटलेला कान प्रभू बरा करतो, तेही वाचावे.

तेथील काही बिशपांनी याबाबत ठाम भूमिका घेतली. जॉर्जिया राज्याने २०१४ साली चर्चसह अनेक जागी शस्त्रे नेण्यास वाट करून देणारा कायदा केला, तेव्हा अटलांटाचे आर्चबिशप विल्टन ग्रेगरी यांनी आपल्या महाधर्मप्रांतातील कॅथलिक संस्थांत शस्त्रांना मनाई केली. जानेवारी २०१६ पासून टेक्सासमध्ये परवानाधारकांना पिस्तूल उघड बाळगण्याची मुभा मिळाली. त्यावेळी डॅलसचे बिशप केविन फॅरेल यांनीही तसेच केले. (एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची घोषणा ज्यांनी केली, तेच हे कार्डिनल फॅरेल.) टेक्सासच्या कायद्यानुसार अशा मनाईचा फलक दाराशी इंग्रजी व स्पॅनिश भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लावावा लागतो; लपविलेल्या पिस्तुलासाठी एक, उघड्या पिस्तुलासाठी दुसरा.

फलकाने गोळी अडत नाही, हे खरेच. २७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिस येथील अनन्सिएशन चर्चमध्ये शाळकरी मुलांची मिस्सा चालू असताना खिडक्यांतून गोळीबार झाला आणि आठ व दहा वर्षांची दोन मुले मृत्युमुखी पडली. हल्लेखोर व्यक्तीने तेथेच आत्महत्या केली. जी व्यक्ती स्वतः मरण्यास तयार होऊन येते, तिला दुसऱ्याच्या कमरेला दिसणारे पिस्तूल काय धाक घालणार? मिस्सा सुरू होताच दारे आतून लावून घेतलेली होती, त्यामुळे अनेक जीव वाचले असे पोलिसांनी सांगितले. चार दिवसांनी पोप लिओ चौदावे यांनी लहान-मोठ्या सर्व शस्त्रांची ही महामारी थांबावी म्हणून प्रार्थना केली.

फ्लोरिडात आता रस्त्यावर उघड्या बंदुकीस आडकाठी नाही. खासगी जागेचा मालक मात्र अजूनही नकार देऊ शकतो. म्हणजे जो निर्णय पूर्वी राज्याने सर्वांसाठी घेतला होता, तो आता प्रत्येक दुकानदाराला, हॉटेलमालकाला आणि प्रत्येक धर्मग्रामाला आपापल्या दाराशी स्वतंत्रपणे घ्यावा लागणार आहे.