फोटोचे साडेआठ हजार

माझ्या मावशीच्या पोरानं अंधेरीच्या एका हापिसात साडेआठ हजार मोजले. फोटोचे, रजिस्ट्रेशनचे आणि 'आर्टिस्ट कार्डा'चे. गोदीतली माझी चौदा दिवसांची हजेरी, कारण पैसे माझे होते. पोरगा जलशात गातो, पथनाट्य करतो. कोऑर्डिनेटर म्हणाला, "फेस रफ आहे. झोपडपट्टीच्या रोलला चालेल." वर आडनाव विचारलं. पैसे घेताना मात्र आडनाव आडवं आलं नाही. महिन्यानं जाऊन बघतो तर हापिसाला टाळं.

आता शहाणी माणसं म्हणतात, पोरं हावरी, अक्कल गहाण टाकलेली. साफ खोटं! २०१६ ला 'सैराट'मधून अकलूजची रिंकू राजगुरू पडद्यावर आली. मग आमच्या वस्तीतल्या पोरानं का नाही बघायचं स्वप्न? ज्यांचे काका-मामा स्टुडिओत बसलेत त्यांना रस्ता पुसावा लागत नाही. आपल्याला दार कुठंय तेच ठाऊक नसतं. म्हणून दार दाखवायचे पैसे घेणारा उभा राहतो.

ही जमात गोदीला जुनी आहे. टोळीवाला मजूर जमवायचा आणि मजुरीतून आपला वाटा कापायचा. लढून लढून १९४८ ला गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला, १९६९ ला माथाडीचा. पण टोळीवाला निदान काम दिल्यावर कापायचा. हा अंधेरीवाला कामाआधीच कापतो! खरा एजंट ओळखायचा तो इथंच. तो तुमच्या मिळालेल्या मानधनातून टक्के घेतो. तुम्हाला काम नाही, तर त्यालाही दमडी नाही. आधी पैसे मागणारा तुमच्या कामावर नाही, तुमच्यावर जगतो. आमच्याच फोटोग्राफरकडं फोटो काढ म्हणाला की उठा. ऑडिशनला फी मागितली, उठा. पोरीला एकटीला लॉजवर बोलावलं, तर आरडाओरडा करून उठा. मोठ्या सिनेमाचं नाव फेकलं तर त्या निर्मात्याच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारा. कलाकारांची संघटना, सिंटा, १९५८ पासून आहे. तिचं कार्ड तीच देते, गल्लीतला कोऑर्डिनेटर नव्हे.

आणि कवी दोस्तहो, आपलंही सांगतो. सिनेमात गाणं घेतो म्हणून कोऱ्या कागदावर सही मागतात. देऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीनं सिनेमातलं गाणं थेटराबाहेर वाजलं की गीतकाराला रॉयल्टीचा हक्क आहे, आणि तो हक्क सोडला असं करारात लिहून घेता येत नाही. मला हे कालपरवा कळलं. मॅट्रिकच्या पुस्तकात नव्हतं.

चौकीत गेलो तर हवालदार म्हणाला, "तूच दिलेस ना स्वतःच्या हातानं?" २०२४ च्या जुलैपासून ४२० चं ३१८ झालंय. हवालदार तोच. फोनवरून पैसे गेले असते तर १९३० ला फोन लावता आला असता. आम्ही रोख दिले. पावती आहे, शिक्का आहे. पोरगं आठवडाभर गायलेलं नाही.

शनिवारी पाळी सुटली की पुन्हा चौकीत जातोय. त्या हापिसाची पावती आणखी कुणाकडं असेल तर घेऊन या. एकट्याला हाकलतात, वीस जणांना बसायला सांगावं लागेल.