लिस्टमधली एकच दहिवली

कर्जत स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला ‘दहिवली’ म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही. तलाठ्याकडे मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे एक असते दहिवली तर्फे नीड आणि दुसरी दहिवली तर्फे वरेडी, दोन्ही कर्जत तालुक्यातल्याच. तर्फ म्हणजे तालुक्याच्या खालचा जुना महसुली भाग. बोलण्यातून तो केव्हाच गेला, पण कागदावर गावाच्या नावाला चिकटून राहिला. शिवाय चिपळूण तालुक्यातली दहिवली आहेच, खरवते-दहिवलीच्या कृषी महाविद्यालयाची.

मित्रांनो, हे भूगोल-पुराण एक्सेलच्या मॅक्रोसाठी आहे. हॉस्टेलची ॲडमिशन असो की मेसचं रजिस्टर, कॉम्प्युटरवाला कोणीतरी एक्सेलमध्ये छान युजरफॉर्म बनवून देतो. त्यात ‘गाव’ नावाचा कॉम्बोबॉक्स असतो. बाण दाबला की यादी खाली उघडते, क्लार्क मॅडम क्लिक करतात, काम झालं! आता ही यादी भरायची कशी, यावर आमच्यात दोन पंथ आहेत.

पहिला पंथ नावं थेट कोडमध्ये टाइप करतो. मराठीत हे जमतच नाही, कारण व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मग हे लोक इंग्रजी स्पेलिंग वापरतात. कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने, आणि एकाच गावाची दोन गावं होतात.

दुसरा पंथ शहाणा. तो नावं वर्कशीटमध्ये ठेवतो. फॉर्म उघडताना मॅक्रो कॉलमची शेवटची भरलेली ओळ शोधतो आणि दुसऱ्या ओळीपासून तिथपर्यंत एकेक नाव ‘ॲडआयटम’ने लिस्टमध्ये टाकतो. शीटमधली देवनागरी फॉर्मवर व्यवस्थित दिसते. शिवाय गाव वाढलं तर मॅडम स्वतः शीटमध्ये एक ओळ लिहू शकतात, कोडवाल्याची वाट बघावी लागत नाही. माझं मत अर्थात याच बाजूने आहे.

पण घोळ इथेच होतो. जुन्या विद्यार्थ्यांच्या शीटवरून यादी बनवली तर एकेक गाव दहा-दहा वेळा येतं. ते टाळायला सगळे एकच युक्ती करतात. प्रत्येक नाव ‘की’ म्हणून कलेक्शनमध्ये घालायचं. तेच नाव पुन्हा आलं की एक्सेल 457 नंबरची एरर देतं, आणि ती दिसू नये म्हणून वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहून ठेवायचं. म्हणजे एररचं तोंडच बंद! यादी सुबक दिसते. पण गावाच्या कॉलममध्ये नुसतं ‘दहिवली’ आणि तर्फ शेजारच्या कॉलममध्ये असेल तर दुसरी दहिवली गुपचूप गायब होते. त्या गावची मुलगी फॉर्म भरायला येते तेव्हा तिच्यापुढे एकच दहिवली असते. ती बिचारी तीच निवडणार. पुढे स्कॉलरशिपच्या वेळी पत्ता दाखल्याशी जुळत नाही आणि खेटे मारायचे तिने.

आवाज न करता ओळी गळण्याचा हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. 2020 साली इंग्लंडमध्ये कोरोनाच्या 15,841 केसेस वेळेवर मोजल्याच गेल्या नाहीत, कारण डेटा जुन्या एक्सेल फाइलमध्ये भरला जात होता आणि तिची मर्यादा 65,536 ओळींची. वरच्या ओळी सरळ बाहेर राहिल्या.

आमचे काही मित्र म्हणतात, मॅक्रो जुने झाले, गूगल फॉर्म वापरा. वापरा की! इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो 2022 पासून मायक्रोसॉफ्टने आपणहून अडवायला सुरुवात केली, तेव्हा ती कटकट तरी वाचेल. पण गावांची यादी तिथेही कोणीतरी बसून भरणारच ना?

उपाय फार अवघड नाही. जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. तो पहिल्या कॉलममध्ये, मग गाव, तर्फ, तालुका. कलेक्शनची ‘की’ कोड ठेवायची, नाव नाही. कॉम्बोबॉक्सला चार कॉलम द्यायचे आणि कोडच्या कॉलमची रुंदी शून्य करायची. मॅडमना तो दिसत नाही, पण शीटमध्ये साठवला जातो तोच. आणि एक ‘यादीत नाही’ अशी ओळ हवीच, शेजारी लिहायला रिकामी जागा ठेवून. वाड्या-पाड्यांतून येणाऱ्यांना नाहीतर पंचायतीच्या गावाचं नाव घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिथे काय लिहिलं गेलं ते महिन्यातून एकदा कोणी वाचलं, तर शीटमध्ये पुढची ओळ कोणती टाकायची ते आपोआप कळेल. यंदा जूनच्या आधी ऑफिसने ती शीट दोन दिवस आमच्याकडे दिली, तर आमच्या रूममधले तिघे बसायला तयार आहेत.