हिंजवडीचे गाऱ्हाणे कोणत्या भाषेत?

आपल्याकडे मुलाने किंवा मुलीने पुढे काय करायचे, याचा निर्णय बहुधा तीन प्रश्नांवर होतो. नोकरी लागेल का? पगार किती मिळेल? आणि तिसरा, जो कुणी उघड विचारत नाही पण मनात सर्वांच्याच असतो : चारचौघांत सांगायला बरे दिसेल का? डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए. हे शब्द एका दमात सांगता येतात. माझ्या एका पुतणीने मागच्या दिवाळीत जे सांगितले, ते मात्र एका दमात सांगण्यासारखे नव्हते. हिंजवडीतल्या संगणक कंपनीतली सहा वर्षांची नोकरी सोडून तिला पीएच.डी. करायची आहे आणि विषय आहे, समाजमाध्यमांवर चालणाऱ्या राजकीय चळवळींची भाषा. घरात क्षणभर शांतता पसरली. मग तिचे वडील म्हणाले, "अगं, फेसबुक वाचायला पीएच.डी. कशाला हवी? ते आम्ही रोज फुकटच वाचतो की!" सगळे हसले. वाक्य हसण्यासारखेच होते. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "काका, तुम्हांला काय वाटतं?"

मला काय वाटते ते चार ओळींत सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

ती जिथे रोज जाते त्या हिंजवडीपासूनच सुरुवात करू. हे गाव मुळशी तालुक्यातले. चैत्रात म्हातोबाचे बगाड निघते, त्या दिवशी गाव गावासारखे दिसते. एरवी तिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे आणि त्यात येणारी-जाणारी वाहने आहेत. गावचे लोक 'हिंजवडी' म्हणतात, बाहेरून आलेले अभियंते 'हिंजेवाडी' म्हणतात आणि रोमन लिपीतल्या पाट्यांवर दोन्ही उच्चार सुखाने नांदतात. नावातच दोन भाषा आहेत, मग गाऱ्हाण्यात का नसाव्यात?

२०२५ साली तेथील नोकरदारांनी आणि रहिवाशांनी समाजमाध्यमांवर एक मोहीम चालवली. रस्ते तुंबतात, जून महिन्यातल्या पावसात रस्त्यांच्या नद्या होतात, ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए असे तीन कारभारी असून जबाबदार कुणीच नाही. तेव्हा हा भाग महानगरपालिकेत घ्या, अशी मागणी होती. हजारो लोकांनी अर्जाखाली संगणकावरच सह्या केल्या. अर्ज इंग्रजीत, घोषणा इंग्रजीत, मोहिमेचे नाव 'अनक्लॉग हिंजवडी आयटी पार्क' असे, तेही इंग्रजीत. त्याच वेळी रस्ता रुंद करायचा म्हणून ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, ते शेतकरी मराठीत बोलत होते. ग्रामसभेत बोलत होते, पारावर बोलत होते. दोन्ही गाऱ्हाणी एकाच रस्त्याबद्दल होती. एकाला तो रस्ता अर्ध्या तासात पार करायचा होता, दुसऱ्याला तो आपल्या शेतातून जाऊ नये असे वाटत होते. पण एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानी त्याच्या भाषेत कधी पडले नाही.

जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या पहाटे पाहणीला आले. आयटी पार्क बेंगळुरू-हैदराबादला निघून चालला आहे, असे ते सरपंचांना त्यांच्या ठसक्यात सुनावत होते. रस्त्यात मंदिरे जातील, हा मुद्दा निघाला, तेव्हा धरणे बांधतानाही मंदिरे जातातच, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते बोलणे मराठीत, गावच्या लोकांशी झाले. पण त्याची चित्रफीत तासाभरात देशभर फिरली. कुणाला त्यात तळमळ ऐकू आली, कुणाला दरडावणी. शब्द तेच, श्रोते वेगळे.

मुळशी तालुक्यात उभे राहून धरणाचा दाखला द्यावा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. याच तालुक्यात १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणात मावळ्यांची गावे बुडणार होती. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले तेही तिथलेच. सत्याग्रह सुमारे तीन वर्षे चालला आणि हरला. पुढे सत्तर वर्षांनी पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी त्याचा अभ्यास केला. १९९४ साली 'मुळशी सत्याग्रह' हे त्यांचे मराठी पुस्तक आले आणि त्यांच्या निधनानंतर २००९ मध्ये इंग्रजी. त्या अभ्यासातून कळते, की ज्याला आपण एक चळवळ म्हणतो तिच्यात शेतकरी होते, सावकार होते, पुण्याचे पुढारी होते आणि प्रत्येकाचा हेतू एकच नव्हता. शेतकऱ्याला जमीन हवी होती. ज्याच्या नावावर ती होती त्या सावकाराला चांगला मोबदला मिळाला तर पुरे होते. हे व्होरांना सांगता आले, कारण त्या काळची वृत्तपत्रे आणि कागदपत्रे शिल्लक होती.

आता मला सांगा, २०२५ च्या हिंजवडीचा अभ्यास २०९५ साली कुणी करायचा म्हटले, तर त्याच्या हाती काय लागेल?

चळवळीची भाषा हा विषय आजचा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत, शेजारीशेजारी. १८८१ च्या जानेवारीत टिळक-आगरकरांच्या मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन पत्रे एकाच वेळी सुरू केली. एक मराठी, दुसरे इंग्रजी. डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे इंग्रजीत साक्ष दिली आणि लगेच पुढच्या वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' काढले ते मराठीत. सरकारशी एका भाषेत बोलावे लागते आणि आपल्या माणसांशी दुसऱ्या, हे या सर्वांना पक्के ठाऊक होते. त्यांनी एकाच गाऱ्हाण्याचे दोन मसुदे केले. हिंजवडीत दोन मसुदे झाले खरे, पण दोन वेगळ्या माणसांनी केले आणि एकाने दुसऱ्याचा वाचला नाही.

भाषेने किती फरक पडतो हे मला पुस्तकांतून कळलेले नाही. मी तीस वर्षे बँकेत होतो. शाखेत तक्रारवही असे. 'स. न. वि. वि.' म्हणून सुरू होणारा आणि 'तरी कृपा व्हावी' असे संपणारा मराठी अर्ज टेबलावर दोनदोन आठवडे पडून राही. तीच तक्रार टंकलिखित इंग्रजीत, विभागीय कार्यालयाला प्रत पाठवून आली, की दुसऱ्या दिवशी फोन खणखणे. रक्कम तीच, चूक तीच. फॉर्म तीन भाषांत छापलेले होते. वजन मात्र एकाच भाषेला होते. हे माझ्या एकट्याच्या शाखेत घडत होते असे कुणी मानू नये. कचेरीच्या कुठल्याही टेबलावर थोडे उभे राहून पाहावे.

आता अशा अभ्यासाने होते काय, हा व्यवहारी प्रश्न. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई फलटणला आल्या, तिथल्या लोकांच्या बोलीत सामाजिक भेद कसे उमटतात यावर त्यांनी १९७० च्या दशकात डॉक्टरेट केली. अभ्यास संपवून त्या परत गेल्या नाहीत. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि ज्यांच्या बोलीला शाळेत हिणवले जाते, अशा मुलांना वाचायला शिकवले. भोरला जन्मलेले गणेश देवी बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक होते. ती नोकरी सोडून ते आदिवासींच्या भाषांकडे वळले, भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी महाश्वेतादेवींबरोबर उभे राहिले आणि त्यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणात देशातल्या ७८० भाषांची नोंद झाली.

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा निर्णय काढला. त्याविरुद्ध जे उठले त्यांत मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे दीपक पवार होते. मराठी अभ्यास केंद्राच्या वतीने ते वर्षानुवर्षे मराठी शाळांचा प्रश्न मांडत आले होते. त्यामुळे निर्णय आला तेव्हा नुसता संताप नव्हता, मुद्दे तयार होते. समाजमाध्यमांवर ते मुद्दे मराठीत फिरले, घराघरांत पालक त्यावर बोलू लागले आणि पक्षांनाही त्यांची दखल घ्यावी लागली. २९ जून २०२५ रोजी सरकारने दोन्ही शासननिर्णय मागे घेतले. अडीच महिन्यांत मिळालेल्या त्या यशामागे कित्येक वर्षांचा अभ्यास होता, हे मिरवणुकीच्या गुलालात विसरले गेले.

ही झाली उजळ बाजू. दुसरी बाजू अंगावर काटा आणणारी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या पसंत केल्या होत्या. ज्या ६६-अ कलमाचा अशा प्रकरणांत वापर होई, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर मोबाइलवर फिरत होता. तो मजकूर कसा लिहिला होता, की वाचणाऱ्याला खरा वाटावा? 'आपल्या मुलांना जपा' या वाक्यात प्रेम आहे, काळजी आहे. तेच वाक्य माणसे मारायला कसे कामी येते? हे पोलिसांच्या पंचनाम्यात मिळत नाही. ते शोधायला भाषा जाणणारा माणूस लागतो, आणि त्याला तो मजकूर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचे गाव, जात, भीती हे सारे माहीत असावे लागते. इंग्रजी मजकुरावर बेतलेली परदेशी यंत्रे हे काम करतील, या भरवशावर राहणे म्हणजे शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आपल्या घराची राखण सोपवणे आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की जो चळवळीत उतरतो त्याचा अभ्यास निःपक्षपाती कसा राहणार? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. बँकेत एक साधा नियम असतो. ज्याने नोंद केली त्यानेच ती तपासायची नाही. पण म्हणून नोंद करणाऱ्याला कुणी बँकेबाहेर काढत नाही. तपासणारा दुसरा नेमतात. अभ्यासकाने मोर्चात जरूर जावे, मात्र आपली वही दुसऱ्याला तपासू द्यावी. विरुद्ध मताच्या माणसाने तपासली तर अधिक बरे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मालच हाती राहत नाही. 'केसरी'चे जुने अंक आजही चाळता येतात. समाजमाध्यमांवरचे लेखन मात्र परक्या कंपन्यांच्या कोठारात असते आणि किल्ली त्यांच्या कमरेला. ट्विटर हे 'एक्स' झाले त्या २०२३ सालीच अभ्यासकांना मिळणारी फुकट माहिती बंद झाली. फेसबुकवरचा सार्वजनिक मजकूर पाहण्यासाठी जगभरचे अभ्यासक 'क्राउडटँगल' नावाचे साधन वापरत. मालक कंपनीने ते १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. व्हॉट्सॲपवरचा मजकूर तर ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याच्याच स्वाधीन, आणि मोबाइल भरला की आपण तो पुसून टाकतो.

तेव्हा काय करावे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण अभिजात म्हणजे केवळ गाथा सप्तशती आणि ताम्रपट असे समजून सारे लक्ष मागेच लागले, तर आज जी मराठी लिहिली जाते आहे ती उद्याला उरणार नाही. आपल्या विद्यापीठांच्या मराठी आणि राज्यशास्त्र विभागांनी एकत्र बसून आजच्या चळवळींचा मजकूर जपायला घ्यावा. पत्रके, अर्ज, चित्रफिती, घोषणा, अफवासुद्धा. लोकांची संमती घेऊन, नावे झाकून. प्रबंध मराठीतही लिहू द्यावेत, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिले आहे त्यांना ते वाचता येतील. आणि त्यासाठी मुलांना निदान पोट भरेल एवढी शिष्यवृत्ती वेळेवर द्यावी. पाच वर्षे उपाशी राहून कुणी संशोधन करत नाही. आधी पोटोबा मग विठोबा, हे वारकऱ्यांच्या महाराष्ट्रानेच सांगितले आहे.

पालकांसाठीही एक शब्द. या वाटेवर पगार कमी आहे, कायमची प्राध्यापकी मिळायला फार थांबावे लागते आणि समाजमाध्यमांवर अभ्यासकालाच शिव्या खाव्या लागतात, विशेषतः ती मुलगी असेल तर. हे मुलांना स्पष्ट सांगावे, खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा, पण विषयाला हसू नये. हिंजवडीचा रस्ता आज ना उद्या रुंद होईल. त्या रस्त्यासाठी कोण काय बोलले, कुणाचे ऐकले गेले आणि कुणाचे गेले नाही, हे मात्र कुणीतरी आजच बसून लिहून ठेवले तरच राहील. मुळशीच्या मावळ्यांसाठी ते काम एका प्राध्यापकाने केले, म्हणून शंभर वर्षांनंतर आपण त्यांच्याविषयी निश्चितपणे काही बोलू शकतो.