डिंभ्याचीं लेंकरें आणि शाळेचा उंबरा

जून उजाडला कीं आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. सह्याद्रीवर पाऊस कोसळूं लागतो आणि सहा वर्षांचें लेंकरूं पहिल्या इयत्तेंत जाऊं लागतें. आईबाप भाताच्या खाचरांत गुंतलेले, ओढे दुथडी भरलेले, आणि पोराची अंगणवाडी सुटून शाळा लागलेली. त्याच्या आयुष्यांतील ही पहिली मोठी पायरी होय. ती चढतांना त्याचा हात कोणीं धरावा, हा आमचा आजचा सवाल आहे.

डिंभे येथें घोड नदीवर सरकारनें धरण बांधलें. २००० सालीं तें पुरें झालें. ज्या आंबेगांवाचें नांव तालुक्यास आहे, तें जुनें गांवहि पाण्याखालीं गेलें. पाणी कालव्यांनीं पूर्वेकडील बागाइतीस मिळालें. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्या वाड्या मात्र पाण्याच्या कडेकडेनें डोंगरउतारावर विखुरल्या. अशा वाडींत पहिलींत जाणारीं मुलें दोन-चारच असावयाचीं. एवढ्या थोडक्यांचा हिशेब करतांना सरकारी कागद लौकर थकतो. २०१७ सालीं दहांहून कमी पट असलेल्या राज्यांतील सुमारें १३०० शाळा बंद करून मुलें दुसरीकडे पाठविण्याचें ठरलें होतें, हें बहुजनसमाजानें विसरूं नये. शाळा दूर गेली म्हणजे सहा वर्षांच्या पोरानें एक तर भर पावसांत ओढा ओलांडावा, नाहींतर आईचा पदर सोडून आश्रमशाळेंत राहावें!

ज्या वाडींत शाळा आहे, तेथेंहि सर्व ठीक आहे असें नाहीं. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची. भिंत एक असली तरी दप्तरें दोन. कोणतें पोर बुजरें आहे, कोणास कमी ऐकूं येतें, कोणाच्या घरीं कोणती बोली आहे, हें अंगणवाडीच्या बाईस ठाऊक असतें. पण तिला विचारतो कोण? मग कमी ऐकणारें पोर शाळेंत मंद ठरतें आणि कातकऱ्याचें किंवा ठाकराचें पोर पुस्तकी भाषा न कळल्यामुळें मुकें बसतें. वर्षभरानें तेंच पोर शेरडांमागें दिसतें आणि शहाणे लोक म्हणतात, ‘यांना शिक्षणाची गोडीच नाहीं!’ आम्ही म्हणतों, गोडी पोराला होती. तुमच्या उंबऱ्यानेंच त्याला ठेंच दिली.

कायद्याची तऱ्हाहि पाहावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेचा हक्क दिला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं मात्र सरकार सोय ‘करूं शकेल’, एवढेंच लिहिलें. अपंगांसाठीं २०१६ चा कायदा झाला. त्यांतहि मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासूनच. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा एकच टप्पा मानला, हें चांगलें झालें. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. ‘करीलच’ आणि ‘करूं शकेल’ यांच्या फटींत गरिबाच्या पोराचीं तीन वर्षें बुडतात. पैसेवाल्याचें पोर तेवढ्यांत फी भरून दोन-तीन वर्षें शिकून येतें.

हा मार्ग नवा नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें, आणि नांगर धरण्यास वा वांकस हातीं घेण्यास न लाजणारा मास्तर मागितला. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस बालशिक्षणाचें काम मांडलें. आदिवासी मुलें बालवाडीकडे येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच पाड्याच्या अंगणांत नेली. या सर्वांचें सार एकच : पोरानें शाळेजोगें व्हावें असें म्हणण्याआधीं शाळेनें पोराजोगें व्हावें.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, उन्हाळ्यांत अंगणवाडीच्या बाई व पहिलीचे मास्तर यांनीं एकत्र बसून एकेका पोराची माहिती घ्यावी-द्यावी. दोन, जूनचे पहिले पंधरा दिवस त्या बाईंनीं रोज कांहीं वेळ पहिलीच्या वर्गांत बसावें, आणि या जादा कामाचा मोबदला त्यांना मिळावा. तीन, आरंभीं मास्तरानें पोराच्या बोलींत बोलावें. चार, अपंग लेंकरूं तिसऱ्या वर्षापासून वाडीच्याच अंगणवाडींत यावें. त्याचे कान-डोळे तेथेंच तपासले जावेत. पांच, पट कमी म्हणून कोणत्याहि वाडीची पहिली इयत्ता मोडूं नये.

आतां दोन शब्द आईबापांस. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा तुमच्या आहेत आणि निम्मी समिती बायांची असली पाहिजे, असा कायदा आहे. तेथें नुसता अंगठा वा सही करून परत येऊं नका. ‘माझें पोर बोलत कां नाहीं?’ असें मास्तरास विचारा. शेजारच्या जुन्नर तालुक्यांतील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं भटाशिवाय लग्नें लावलीं आणि तो हक्क हायकोर्टापर्यंत लढून मिळविला. त्याच मुलुखाचे तुम्ही! लेंकराच्या पहिल्या इयत्तेसाठीं तुम्हांला कोर्टाची पायरी चढावयाची नाहीं. ग्रामसभेंत उभें राहून बोलावयाचें आहे. येत्या ग्रामसभेंतच बोला. पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं.